डोंबिवलीच्या नावाचं कोडं

दगडात कोडं कोरून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायची हौस आपल्याकडे जुनीच. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचा एक चौरस कोरलेला आहे. आडवी, उभी की कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी, कुठलीही ओळ मिळवा, बेरीज ३४च. नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’त अशा चौरसांचा सविस्तर विचार केला. पण सोसायटीच्या बागेत मांडावं असं एक कोडं थेट डोंबिवलीच्या नावाचं आहे.

ते घडवणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, शाळा ठाण्यात झाली, कॉलेज फर्ग्युसन. पुढे १९३० ते १९६२ देवळालीला मास्तरकी. त्यांच्या ६१७४ या स्थिरांकाचा डंका जगभर वाजला आणि ‘डेम्लो’ संख्या बिचाऱ्या मागे पडल्या. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, आपली आजची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून स्टेशनाचंच नाव संख्यांना देऊन टाकलं. गणितात माणसांची नावं पैशाला पासरी. लोकलच्या स्टेशनाला हा मान मिळणं विरळाच.

डेम्लो संख्येचा नमुना हवा तर ११११ला ११११नं गुणा: १२३४३२१. मधला ४ झाका. डावीकडे १२३, उजवीकडे ३२१; बेरीज ४४४. झाकलेला आकडा तीनदा हजर!

कागदावर हे ठीक, खरी मजा फरशीवर. सोसायटीच्या बागेत चार बाय चार चौकोनी लाद्यांचा तुकडा शोधा आणि कोपऱ्याशी उभे राहून तिरक्या रांगा मोजा. एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. तीच संख्या. म्हणून सोळा सुटे चौकोनी ठोकळे मिळाले तरी पुरे. प्रत्येक तिरकी रांग उभी रचली की पायऱ्यांचा मनोरा, पसरली की पुन्हा चौरस. पोरं संध्याकाळभर हलायची नाहीत, आणि आजोबा लोकही.

नऊ एकांपर्यंत सगळं सुरळीत. दहा एकांच्या संख्येचा वर्ग केला की मधल्या रांगेला दहा येतात, एका घरात मावत नाहीत, हातचा पुढे सरकतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतानाचा ८ गायब! ठोकळ्यांना मात्र हातचा ठाऊक नसतो. तिथे मनोरा खुशाल दहा मजली होतो. शंभर ठोकळे लागतील, एवढंच.