डोंगरमाथ्यावरील साक्ष

काळोख्या रात्री एका डोंगरमाथ्यावर मशाल पेटते. पलीकडच्या शिखरावरील पहारेकरी ती पाहून आपली मशाल पेटवितो, त्याची पाहून तिसरा. आणि वार्ता एका रात्रीत दूरदेशी पोहोचते. प्राचीन यहुद्यांनी ही युक्ती योजिली होती ती युद्धासाठी नव्हे, पंचांगासाठी.

यहुद्यांचा महिना त्या काळी चंद्रकोरीच्या दर्शनाने सुरू होई. दोन अमावास्यांमधील अंतर सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे; म्हणून महिना कधी २९ दिवसांचा, तर कधी ३० दिवसांचा. कोर पाहिल्याचे सांगणाऱ्या साक्षीदारांची यरुशलेमची न्यायसभा कसून तपासणी करी व मगच नवा महिना जाहीर करी. परंतु दूर बाबिलोनमध्ये वसलेल्या यहुद्यांना हा निर्णय कळावा कसा? वल्हांडणाचा सण महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो. महिन्याचा आरंभ एका दिवसाने चुकला, की सणही चुकला. आणि ज्या दिवशी खमिराची भाकर निषिद्ध, त्याच दिवशी ती खाल्ल्याचा दोष साऱ्या समाजाच्या माथी आला.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मग्रंथात या मशालींची रीत दिली आहे. देवदाराच्या जातीच्या लाकडाचे लांब दांडे, बोरू, तेलकट लाकूड आणि जवसाच्या वाखाचा चोथा हे सारे दोरीने एकत्र बांधावयाचे. मग डोंगरावर चढून ते पेटवावयाचे आणि पुढील शिखरावर ज्वाला दिसेपर्यंत इकडून तिकडे, वरखाली हलवीत राहावयाचे. जैतुनांच्या डोंगरापासून सार्ताबा, तेथून ग्रोफिना, पुढे हौरान आणि अखेर बेथ-बालतीन, असा हा मार्ग होता. शेवटच्या शिखरावरील माणसाने समोरची सारी वस्ती एखाद्या होळीसारखी उजळलेली दिसेपर्यंत मशाल हलवावी, असे मिश्ना सांगते. तालमुदाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे त्या वेळी घरोघरचे लोक मशाली घेऊन आपापल्या धाब्यांवर चढत.

ही सामग्री निवडणाऱ्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण अग्नीचा स्वभाव त्यांनी नेमका ओळखला होता. जळण, उष्णता आणि प्राणवायू या तिहींचा मेळ जमल्याखेरीज ज्वाला होत नाही. यांतील प्राणवायूचे कार्य फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट केले. वाखाचे तंतू बारीक. त्यांच्या भोवती हवा खेळती, म्हणून ते ठिणगीसरशी पेट घेतात. बोरू पातळ व पोकळ, म्हणून तो ती आग झपाट्याने वाढवितो. त्या उष्णतेने लाकडाचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू सुटतात, आणि ज्वाला दिसते ती मुख्यतः या वायूंची. तेलकट लाकडाच्या ज्वालेत काजळीचे असंख्य सूक्ष्म कण तापून पिवळ्या तेजाने चमकतात. मेणबत्तीच्या ज्वालेतील हेच रहस्य मायकेल फॅरडे याने १८६०-६१ च्या नाताळात लंडनमधील मुलांना प्रयोगांनी उलगडून दाखविले होते. मशाल हलविण्यातही मर्म होते. क्षितिजावरील स्थिर ठिपका तारा वाटू शकतो. हलणारी ज्योत मात्र माणसाच्या हातातीलच असणार.

आणखी एक शहाणपण असे, की मशाली पेटवीत त्या केवळ २९ दिवसांच्या महिन्यानंतर. ज्वाला दिसली नाही, तर महिना ३० दिवसांचा समजावा. अंधारसुद्धा निरोप देई.

पण याच काटकसरीत या पद्धतीचा घात होता. शोमरोनी पंथाच्या लोकांनी भलत्याच रात्री मशाली पेटवून घोटाळा केला, अशी नोंद मिश्नेत आहे. अग्नी आपण पेटलो एवढेच सांगतो. कोणी पेटविले, हे तो सांगत नाही. तेव्हा मशाली बंद करून न्यायसभेने जासूद धाडण्याचा नियम केला. जासूद ज्वालेपेक्षा कितीतरी मंद. परंतु त्याला नाव विचारता येते, त्याची ओळख पटविता येते. वेगापेक्षा विश्वासाला अधिक मोल द्यावे लागले.

जासूद जेथे वेळेवर पोहोचत नसत, तेथील यहुदी संशयनिवृत्तीसाठी एका दिवसाचा सण दोन दिवस पाळू लागले. पुढे साक्षीदारांची जागा गणिताने घेतली. यहुदी परंपरा याचे श्रेय चौथ्या शतकातील हिल्लेल दुसरा याला देते. आता तिथीविषयी संशय उरलेला नाही. तरीही इस्रायलबाहेरील सनातनी यहुदी कुटुंबांत वल्हांडणाचे पहिले भोजन आजही लागोपाठ दोन रात्री मांडले जाते.