काचबिंदूची वंशावळ

काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढणे, असे आपण सहज म्हणतो. हा दाब घराण्यात उतरतो, ही शंका जुनी. तिचा पुरावा मात्र अगदी अलीकडचा. आजचा धागा या दोहोंमधल्या दीडशे वर्षांविषयी.

‘ग्लॉकोमा’चे मूळ ग्रीक ‘ग्लाउकोस’, म्हणजे निळसर-करडा. हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत वृद्धांच्या व्याधींमध्ये हे नाव येते. पण तेथे मोतीबिंदू अभिप्रेत होता की काचबिंदू, हे केवळ रंगावरून ठरत नाही. प्राचीन ग्रंथांत आधुनिक निदान शोधण्याचा मोह आपण आवरलेलाच बरा. (सुश्रुताच्या ‘अधिमंथा’लाही हेच लागू.)

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झचा ऑफ्थॅल्मोस्कोप प्रसिद्ध झाला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ दिसू लागला. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे याला काचबिंदूच्या रुग्णांत दृष्टिचेतेचे टोक आधी फुगलेले वाटले. एकाच डोळ्याने पाहताना झालेला तो भ्रम होता. प्रत्यक्षात तेथे खळगा होता! १८५७ मध्ये त्यानेच डोळ्यातील रंगीत पडद्याचा लहानसा तुकडा कापून दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया मांडली.

पण दाब मोजायचा कसा? मिटलेल्या पापणीवर बोटे ठेवून! १९०५ मध्ये शिऑट्झचे टोनोमीटर आले आणि बोटांच्या जागी आकडा आला. पुढे १९५८ मध्ये लाइडेकर व सहकाऱ्यांनी सुमारे १० हजार माणसांचे डोळे मोजले. सरासरी १५-१६ मिलिमीटर पारा निघाली आणि त्यावरून २१ ही ‘सामान्य’ दाबाची वरची मर्यादा रूढ झाली. ही रेषा संख्याशास्त्राने आखलेली होती. दाब २१च्या आत असूनही दृष्टी गमावणारे आणि २४ असूनही वर्षानुवर्षे ठणठणीत राहणारे, दोघेही या रेषेने बुचकळ्यात पाडले.

आता घराण्याकडे वळू. १८४२ मध्येच बेनेडिक्ट या जर्मन वैद्याने दोन सख्ख्या बहिणींमधील काचबिंदू नोंदवला होता. त्यानंतर अशा कुटुंबांच्या नोंदी साचत गेल्या. पण आनुवंशिकतेचे साधनच हाती नसल्यामुळे त्या नोंदीच राहिल्या.

१९९३ मध्ये आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी तरुण वयातच काचबिंदू होणाऱ्या एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करून दोषाची जागा पहिल्या गुणसूत्रावर निश्चित केली. १९९७ मध्ये जनुक सापडले: मायोसिलिन. योगायोग पाहा. डोळ्यातील द्रव बाहेर नेणाऱ्या जाळीच्या पेशींना स्टिरॉइड दिल्यावर कोणते प्रथिन वाढते, याचा शोध घेणाऱ्या दुसऱ्या एका गटाच्या हाती हेच जनुक आधी लागले होते. मायोसिलिनमध्ये दोष असला की प्रथिनाची घडी चुकते, ते पेशीतच साठते, जाळी निकामी होत जाते आणि द्रव तुंबतो.

कथा येथे संपली असती, तर सोपे झाले असते. परंतु प्रौढांच्या सर्वसामान्य काचबिंदूत मायोसिलिनचा वाटा २ ते ४ टक्केच भरतो. उरलेल्यांचे काय? २००२ मध्ये ऑप्टिन्यूरिन हे जनुक पुढे आले आणि त्याचे रुग्ण बहुधा ‘सामान्य’ दाबाचे निघाले. २०१८ मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँकमधील लाखाहून अधिक लोकांच्या माहितीवरून डोळ्याच्या दाबाशी निगडित शंभराहून अधिक जनुकीय स्थाने समोर आली. प्रत्येकाचा परिणाम अगदी किंचित. माझ्या मते या संशोधनाचे खरे फलित हेच: एका जनुकाचा शोध घेता घेता २१चा दरारा ओसरला.

याला व्यावहारिक बाजूही आहे. रॉटरडॅममधील १९९८च्या अभ्यासात रुग्णांच्या भावंडांना व मुलांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याचा धोका सुमारे २२ टक्के आढळला. इतरांच्या नातलगांत तो २.३ टक्के होता. हा आजार बहुधा दुखत नाही, कडेची नजर आधी जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा घरात आजी रोज डोळ्यांत थेंब घालत असेल, तर ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत की काचबिंदूचे, एवढे आज तिला विचारा. उत्तर ‘काचबिंदू’ असे आले, तर तिच्या मुलांचे डोळे शेवटचे कधी तपासले, हेही विचारा.