मॅस्केलिनाइट आणि लोणारचे विवर

मॅस्केलिनाइट हा एक दुर्मिळ, काचमय, खनिजसदृश पदार्थ आहे. प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या खनिजाच्या स्फटिकांना अतितीव्र आघात बसला म्हणजे त्यांची अंतर्रचना मोडते आणि त्यांपासून मॅस्केलिनाइट तयार होते. काही अशनींमध्ये आणि पृथ्वीवरील मोजक्याच आघात-विवरांमध्ये ते आढळते. भारतात त्याचे प्रसिद्ध स्थान म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर होय. हे विवर ज्वालामुखीमुळे निर्माण झाले की अशनिपातामुळे, हा दीर्घकाळ चाललेला वाद निकालात निघाला तो प्रामुख्याने या पदार्थाच्या सूक्ष्म कणांमुळे.

मॅस्केलिनाइटाचे रासायनिक संघटन मूळ फेल्स्पाराचेच असते. म्हणजे त्यात सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम व सिलिका ही घटकद्रव्ये त्याच प्रमाणात असतात. कणाचा बाह्य आकारही बहुधा फेल्स्पाराच्या लांबट, फळीसारख्या स्फटिकाचाच राहतो. पालटते ती अंतर्रचना. अणूंची सुबद्ध मांडणी विस्कटल्यामुळे पाटन (ठराविक पातळ्यांवर भंगण्याचा गुणधर्म) नाहीसे होते व भंजन काचेप्रमाणे शंखाभ होते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली परस्परांशी काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये पाहिल्यास फेल्स्पाराचा कण उजळलेला व पट्टेदार दिसतो, तर मॅस्केलिनाइटाचा कण पीठ कसेही फिरविले तरी काळाच राहतो. त्याचा प्रणमनांक मूळ स्फटिकाच्या प्रणमनांकापेक्षा कमी, पण तेच खनिज भट्टीत वितळवून केलेल्या काचेच्या प्रणमनांकापेक्षा जास्त असतो. वरवर क्षुल्लक वाटणारा हा फरक महत्त्वाचा आहे. कारण ही काच द्रवरूपातून थिजलेली नसावी, असे त्यावरून सूचित होते.

मॅस्केलिनाइटाचा शोध भारतात पडलेल्या एका अशनीत लागला. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील गया जिल्ह्यात शेरघाटी येथे सु. ५ किग्रॅ. वजनाचा अशनी पडला. त्याचे परीक्षण करताना ऑस्ट्रियन खनिजवैज्ञानिक गुस्टाफ चेर्माक यांना त्यात पायरोक्सिनाच्या जोडीला एक रंगहीन, समदिक् (सर्व दिशांना सारखेच प्रकाशीय गुणधर्म दाखविणारा) पदार्थ आढळला. त्याला त्यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश म्यूझियममधील खनिजसंग्रहाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी मॅस्केलिन (१८२३–१९११) यांच्या गौरवार्थ मॅस्केलिनाइट हे नाव दिले. पुढे शेरघाटीसारख्या अशनींचा एक स्वतंत्र गटच मानण्यात आला आणि त्यांचे उगमस्थान मंगळ हा ग्रह असल्याचे १९८० नंतरच्या संशोधनातून स्वीकारले गेले. मात्र हा पदार्थ कसा बनतो याचा उलगडा नामकरणानंतर जवळजवळ नव्वद वर्षे झाला नव्हता. १९६३ मध्ये डॅनियल मिल्टन व पॉल डी कार्ली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी स्फोटकांच्या आघाताने फेल्स्पारयुक्त खडकात मॅस्केलिनाइट कृत्रिम रीत्या तयार करून दाखविले. यानंतर काही वर्षांतच कॅनडातील मॅनिक्वागन या विशाल आघात-विवराच्या खडकांत ते आढळल्याची नोंद झाली आणि अशनींबाहेर, पृथ्वीच्या खडकांतही ते असू शकते हे स्पष्ट झाले.

लोणारचे विवर दक्षिण ट्रॅपच्या सु. ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट थरांत आहे. त्याचा व्यास सु. १.८ किमी. असून काठ सभोवतालच्या मैदानापेक्षा सु. २० ते ३० मी. उंच आहे. काठापासून तळ्यापर्यंतची खोली १३० मी.हून अधिक भरते. विष्णूने लवणासुराचा वध केला तो येथे, अशी कथा असून गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्या कथेशी निगडित आहे. या स्थळाचे खनिजांशी असलेले नातेही जुने आहे, पण ते खडकांमुळे नव्हे, तर तळ्यातील क्षारांमुळे. काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये येथे मिळतात आणि त्यांवरील करातून चांगले उत्पन्न येते, अशा आशयाचा उल्लेख अबुल फज्ल यांच्या आईन-इ-अकबरीत मेहकर सरकारच्या वर्णनात आलेला आहे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी या क्षारांच्या प्रकारांची स्थानिक नावे होती. ज्या काठावर उभे राहून लोक शतकानुशतके क्षार गोळा करीत आले, त्याच काठाच्या दगडमातीत विवराच्या जन्माचा पुरावा पडून होता.

१८२३ मध्ये, म्हणजे योगायोगाने मॅस्केलिन यांच्या जन्मवर्षीच, सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतरच्या भूवैज्ञानिकांना ज्वालामुखी हेच कारण सयुक्तिक वाटले, आणि त्यात नवल नव्हते. सभोवार शेकडो किलोमीटर लाव्ह्याचेच थर पसरलेले असताना लाव्ह्यातील खळग्याला दुसरे कारण शोधण्याची गरज त्या काळी कोणास वाटणार? तरीही एक अडचण प्रामाणिकपणे नोंदली गेली होती. विवरातून लाव्हा वा राख बाहेर पडल्याची कोणतीही खूण नव्हती. म्हणून मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांनी १८७९ च्या आपल्या ग्रंथात उद्रेकाविना झालेल्या ज्वालामुखी स्फोटाची कल्पना मांडली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ला टूश व क्रिस्टी यांनी १९१२ मध्ये लोणारवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे स्पष्टीकरणही ज्वालामुखी क्रियेच्या चौकटीतलेच होते.

लोणारच्या या प्रचलित अर्थाचा परिणाम दूर अमेरिकेतही झाला. अ‍ॅरिझोनातील एका गोलाकार विवराभोवती लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले होते. तेथे जमिनीखाली गाडलेला मोठा लोहगोल चुंबकीय मापनांनी सापडला नाही, तेव्हा जी. के. गिल्बर्ट यांनी ते विवर वाफेच्या स्फोटाने झाल्याचा निष्कर्ष काढला आणि १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात त्याच्याशी तुलना करण्याजोगे उदाहरण म्हणून लोणारचा निर्देश केला. तुलना बरोबर होती, निष्कर्ष मात्र उलटा निघाला. १९६० मध्ये अ‍ॅरिझोनाच्या विवरात कोएसाइट हे क्वॉर्ट्‌झाचे अतिदाबाखाली बनणारे रूप सापडले आणि ते विवर अशनिपाताचे आहे, हे सर्वमान्य झाले. साहजिकच लोणारकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. १९६४ मध्ये लाफॉन्ड व डिट्झ यांनी ते अशनिपाताचे विवर असावे असे सुचविले; परंतु त्यांचा आधार मुख्यतः विवराच्या आकाराचा होता.

निर्णायक पुरावा मिळविण्यात खरी अडचण खडकाच्या जातीची होती. अ‍ॅरिझोनात वालुकाश्म असल्यामुळे क्वॉर्ट्‌झ विपुल होते. लोणारच्या बेसाल्टात प्लॅजिओक्लेज व पायरोक्सीन ही मुख्य खनिजे असून त्यात आघाताची साक्ष देईल असे क्वॉर्ट्‌झ नाही. त्यामुळे तेथे कोएसाइट शोधणे व्यर्थ होते. साक्ष द्यावयाची तर ती फेल्स्पारानेच देणे भाग होते, आणि ती कशी वाचावयाची हे १९६३ च्या प्रयोगांनी शिकविले होते.

१९७० नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या सहकार्याने लोणारच्या तळ्याच्या क्षेत्रात छिद्रण करण्यात आले. सु. १०० मी. जाडीच्या गाळाखाली भग्न बेसाल्टाचे कोणाश्म लागले व त्यांतील तुकड्यांत मॅस्केलिनाइट आढळले. काठाभोवती बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्यातही आघाताने बदललेला बेसाल्ट, काचेचे गोळे व बारीक गोलक मिळाले. के. फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, डॅनियल मिल्टन व एम. एस. बालसुंदरम् यांनी हे निष्कर्ष १९७३ मध्ये सायन्स या नियतकालिकात मांडले. प्रयोगशाळेत मॅस्केलिनाइट बनविणाऱ्या दोघांपैकी एक असलेले मिल्टन येथेही सहभागी होते, हे लक्षणीय आहे. मूळ अशनीचा एकही तुकडा लोणारला सापडलेला नाही. म्हणून या काचेच्या साक्षीचे मोल अधिक.

या साक्षीचे बळ दाबाच्या आकड्यांत आहे. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोणारच्या आघातित बेसाल्टाचे पाच वर्ग पाडण्यात आले. त्यांपैकी दुसऱ्या वर्गात, म्हणजे सु. २०० ते ४०० किलोबार दाबाला, प्लॅजिओक्लेजाचे मॅस्केलिनाइट होते. त्याहून अधिक दाबाला फेल्स्पार वितळून फेसाळ काच होते व अखेर सबंध खडकच वितळतो. २०० किलोबार हा दाब पृथ्वीच्या पोटात सु. ६०० किमी. खोलीवर असतो. ज्वालामुखीचा कोणताही स्फोट भूपृष्ठाजवळ त्याच्या आसपासही पोहोचत नाही. अतिवेगाने येऊन आदळणारा अशनी मात्र क्षणार्धात तो निर्माण करतो.

घटना कशी घडली हे ठरले, तरी ती केव्हा घडली याबद्दल एकमत होण्यास वेळ लागला. तापदीप्ती पद्धतीने १९९७ मध्ये विवराचे वय सु. ५२,००० वर्षे काढण्यात आले होते. आघाताने वितळलेल्या काचेच्या आर्गॉन समस्थानिकांवरून २०११ मध्ये ते सु. ५,७०,००० वर्षे आले. दोन्ही आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे.

बेसाल्टात तयार झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी असून त्यांत लोणार उत्तम स्थितीत टिकलेले आहे. चंद्राची सखल मैदाने व मंगळाचा मोठा भाग बेसाल्टाचाच असल्याने तेथील विवरांच्या अभ्यासात लोणारचे नमुने तुलनेसाठी वापरतात. मॅस्केलिनाइटाविषयीचा जुना प्रश्नही येथे पुन्हा उपस्थित झाला. शेरघाटीच्या अशनीतील मॅस्केलिनाइट हे वितळून थिजलेली काचच आहे, असे मत २००० मध्ये पुढे आले होते. लोणारच्या कणांवर अवरक्त व क्ष-किरणांनी केलेल्या परीक्षणात मूळ स्फटिकाच्या दिशांचा अवशेष त्यांत टिकून असल्याचे दिसून आले (२०१५). म्हणजे निदान लोणारचे मॅस्केलिनाइट न वितळता, घन अवस्थेतच बनले आहे.

आघाताने बाहेर फेकलेल्या द्रव्याचा सलग थर विवराच्या काठापासून सरासरी सु. १.३ किमी.पर्यंत पसरलेला आहे. विवराच्या ईशान्येस लोणार गाव असून भोवती शेतजमीन आहे. सरोवराला २०२० मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ते क्षेत्र ४२७ हेक्टरांचे आहे. फेकल्या गेलेल्या द्रव्याचा थर मात्र त्याहून बरीच अधिक जागा व्यापतो आणि त्याचा बराचसा भाग या सीमेबाहेर, नांगराखालच्या जमिनीत आहे.