दक्षिण म्हणजे उजवा हात

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीनं कर्ज मागितलं. घरकुल नुकतंच बांधून झालेलं. रस्ता दक्षिणेला, म्हणून दारही दक्षिणेला आलं. त्यातच म्हैस मेली. कुणी म्हटलं दार वाईट, कुणी म्हटलं नव्या सुनेचा पायगुण. आता ते दार बुजवून दुसऱ्या भिंतीत काढायचं होतं, त्यासाठी कर्ज. आम्ही हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आधी या शब्दाचाच माग काढू म्हटलं.

उद्या सकाळी अंगणात उगवतीकडं तोंड करून उभ्या राहा. समोर पूर्व. पूर्व म्हणजे पुढचं, आधीचं. 'पूर्वी' आणि 'पूर्वज' त्यातलेच. पाठीमागं पश्चिम, 'पश्चात'मधली. आता उजवा हात लांब करा. तो जिकडं गेला ती दक्षिण, कारण संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा. वडाला फेरे घालताना झाड उजव्या हाताला ठेवतो, म्हणून ती प्रदक्षिणा. ज्या हातानं लेकराला घास भरवतो, त्याच हाताचं हे नाव! अरबीतही 'यमीन' म्हणजे उजवा हात, आणि यमन देशाचं नाव त्याच मुळातलं मानतात. तिथंही दिशा उगवतीकडं तोंड करूनच मोजल्या.

हाच शब्द प्राकृतात 'दक्खिण' झाला नि त्यातून आपला दख्खन. गेवराईच्या अंगानं जी गोदावरी वाहते, तिच्याच काठी वरच्या बाजूला पैठण, सातवाहनांची राजधानी. जुन्नरजवळ नाणेघाटात त्यांचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो नागनिका राणीचा मानतात. बाईनं कोरवून घेतलेला लेख, हे आम्हांला फार आवडलं. त्यात राजाला 'दखिनापठपति', दक्षिणापथाचा धनी, म्हटलंय. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचा हिशेबही आहे. ती दक्षिणा. म्हणजे ज्या दिशेला आपण बिचकतो, तिचं नाव राजा बिरुद म्हणून मिरवत होता. पुढं निजामाचं राज्यही 'हैदराबाद दख्खन' म्हणवलं गेलं, आणि १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा त्यातच होता.

दक्षिण ही यमाची दिशा, ही समजूतही जुनीच आहे. ते आम्ही लपवणार नाही. दक्षिणेकडं पाय करून झोपू नये, हे आम्हीही आजीकडून ऐकलंय. पण दक्षिणमुखी मारुती तर जास्तच जागृत मानतात. त्याचं दार कुणी फिरवायला निघत नाही.

राहिली म्हैस. ती घटसर्पानं गेली, असं जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पावसाळ्याआधीची लस राहून गेली होती. सुनेला मात्र दोन महिने बोलणी खावी लागली.

दाराचा अर्ज मैत्रिणीनं परत घेतलाय. नवा अर्ज म्हशीसाठी आहे. सासूबाईंची एकच अट: दारावर मारुतीची तसबीर लावायची. ती आम्ही लगेच मान्य केली.