ग्रामीण आरोग्यशिक्षण आणि यंत्राची भाषा

इ. स. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या जिल्ह्यातील मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय आणि १८९७ मध्ये वैद्यकीय विद्यालय स्थापिले. रुग्णालयाशी संलग्न अशा विद्यालयात न कळलेला शब्द गुरूस तेथल्या तेथे विचारता येतो. यंत्राद्वारे होणाऱ्या शिक्षणात ही सोय उरत नाही.

मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप सातारा-सांगलीसह देशभरातील अंगणवाड्यांत आले. बालकांचे वजन, उंची व गरोदर मातांच्या नोंदी त्यात करावयाच्या होत्या; परंतु प्रारंभी त्याची भाषा इंग्रजी होती. महाराष्ट्रातील सेविकांनी हरकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अनेकींनी शासनाचे मोबाइल परत केले. मोबाइलची अपुरी क्षमता हेही त्याचे एक कारण होते.

यास यंत्रद्वेष म्हणणे युक्त नव्हे. कारण पूर्वीचे मराठीतील ॲप याच सेविका वापरीत होत्या. परक्या भाषेतील रकाना चुकला, तर कुपोषित बालक नोंदीतून निसटते. सबब भाषेची निवड हा प्रशिक्षणाचा अलंकार नसून त्याचा पाया होय.