भूल उतरल्यावर

१८४६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बोस्टन शहरी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगवले आणि सुरीखालचा आकांत थांबला. ही गोष्ट पुष्कळांनी वाचलेली असते. पण अशा गोष्टी रोग्याला टेबलावरच सोडून देतात. तो जागा झाल्यावर त्याचे काय झाले, घरी केव्हा गेला? कादंबऱ्या लिहिण्याची खोड असल्याने मला नेमके तेच विचारावेसे वाटते.

ईथर काय, क्लोरोफॉर्म काय, शुद्धीवर येताना डोके जड होई, पोटात ढवळे, वांत्या होत. १८९८ च्या ऑगस्टात जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर या शल्यवैद्यापुढे एक मजूर आला. क्षयाने त्याच्या घोट्याचा सांधा किडला होता आणि पूर्वीच्या भुलीचा त्याला भारी त्रास झाला होता. बिअरने त्याच्या पाठीच्या कण्यात कोकेन टोचले. मनुष्य जागा, पण कमरेखाली बधिर! हाड निर्वेधपणे कापले गेले. नंतर मात्र वांती झालीच, आणि डोके दुसऱ्या दिवशीही ठणकत होते.

याचा उलगडा स्वतःच्याच देहावर करावा म्हणून बिअरने आपल्या पाठीत सुई टोचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना. औषध सांडले, कण्यातले पाणीही पुष्कळ वाहून गेले. तेव्हा त्याचा सहायक हिल्डेब्रांट पुढे सरसावला. त्याचे पाय बधिर होताच बिअरने नडगीवर लोखंडी हातोडा हाणला, सिगारचा चटका दिला. गडी हूं की चूं करीना! (फराळाच्या ताटाशेजारी हातोड्याच्या गोष्टी सांगतो आहे, मंडळींनी क्षमा करावी.) रात्री दोघांनी मद्य घेऊन आनंद साजरा केला. पुढे बिअर उभा राहिला की त्याचे डोके भणभणे. नऊ दिवस त्याने अंथरुणात काढले. हिल्डेब्रांटलाही वांत्या झाल्या, नडगी काळीनिळी पडून दुखू लागली. तो हातोडा त्याला खरा लागला तो नंतरच!

कण्यातले पाणी गळते म्हणून डोके दुखते, हे बिअरने ताडले. सुया बारीक होत गेल्या. १९५१ साली पेन्सिलीच्या टोकासारखी सुई आली आणि हे दुखणे पुष्कळच कमी झाले.

त्याच काळात स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी जेम्स निकोल मुलांना शस्त्रक्रियेच्या दिवशीच घरी धाडीत होता. वाकड्या पावलांची मुलेही त्यांत होती. १९०९ साली त्याने दहा वर्षांतल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. तान्ह्या मुलाला आईच्या कुशीइतका विसावा इस्पितळाच्या खाटेवर नाही, असे त्याचे मत होते.

आज गुडघ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया किंवा मनगटाचे हाड बसवणे पुष्कळदा एका दिवसात उरकते. नसेजवळ औषध टोचून केवळ तो अवयव बधिर करता येतो. रोगी हसतमुखाने घरी येतो आणि मध्यरात्री बधिरता ओसरली की हिल्डेब्रांटचा हातोडा त्यालाही लागतो. म्हणून डॉक्टर गोळी आधीच, बधिरता असतानाच, सुरू करायला सांगतात. ‘दुखेल तेव्हा घेऊ’ हा आपला बाणेदारपणा येथे महाग पडतो. अफूच्या वर्गातली औषधे जोरकस खरी, पण त्यांनी मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ होतो. पॅरासिटामॉलसारख्या औषधांची जोड दिली की ती कमी लागतात.

आणि बधिर हात झोळीत घालून आलेल्या माणसाला तो शेगडीला टेकला तरी कळत नाही. पाय बधिर असेल तर उभे राहताच तो कोसळतो. त्या रात्री घरातल्या कोणाला तरी जागे राहावे लागते.