उंदरांमध्ये सापडलेलं उत्तर आणि मावशीचा कागद

मागच्या आठवड्यात एपिसोड आला नाही, त्याला कारण माझी मावशी. रात्री साडेदहाला तिने व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेला कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, तो. खाली मेसेज, "हे वाच आणि सांग, लावू की नको?"

मावशीची पाळी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून योनीत कोरडेपणा, जळजळ, आणि वर्षातून तीन-चारदा लघवीचं इन्फेक्शन. दोन डॉक्टरांनी "वयाप्रमाणे होतं" म्हणून अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या बाईंनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. आणि कागदावर काय? स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात.

मी डॉक्टर नाही, कोड लिहिते. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते, कोडमधली ओळ कुणी, कधी लिहिली ते दाखवणारी. म्हटलं, या इशाऱ्यावर तीच चालवून बघू.

सुरुवात 1923 मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी हे दोघे अंडाशयातला एक पदार्थ शोधत होते. डुकरिणींच्या अंडाशयातला द्रव काढायचा आणि अंडाशय काढून टाकलेल्या उंदीर-घुशींना टोचायचा. पण त्याचा परिणाम झाला हे कळणार कसं? तर योनीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून! अंडाशय काढल्यावर योनीचं अस्तर पातळ होतं. द्रव टोचला की पुन्हा जाड. म्हणजे ज्याला आपण आज इस्ट्रोजेन म्हणतो, ते सापडलं तेच योनीच्या अस्तरामुळे. हे वाचून मी दोन मिनिटं लॅपटॉपपासून उठले. शंभर वर्षांपूर्वी उंदरांत जे दिसलं होतं, ते मावशीला दोन डॉक्टरांनी "वय" म्हणून सांगितलं.

आत काय होतं ते थोडक्यात. इस्ट्रोजेन असताना अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात आणि लॅक्टिक ॲसिड बनवतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण 4 च्या आसपास राहतो आणि बाहेरच्या जंतूंचं फावत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, अस्तर पातळ, ओलावा कमी, पीएच वर. मूत्रमार्ग शेजारीच, त्यालाही इस्ट्रोजेन लागतं. मावशीची इन्फेक्शन्स आणि कोरडेपणा हे दोन आजार नव्हतेच. (आणि हो, हे फक्त मावश्यांचं नाही. बाळाला अंगावर पाजतानाही इस्ट्रोजेन कमी असतं, तेव्हाही असा कोरडेपणा येतो.)

मग गोळी आली. 1942 मध्ये अमेरिकेत प्रेमारिनला मान्यता मिळाली. नाव गोड वाटतं, पण ते 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' यावरून, म्हणजे गाभण घोडीच्या मुतावरून. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांचं 'फेमिनिन फॉरेव्हर' आलं. रजोनिवृत्ती म्हणजे कमतरतेचा रोग, गोळी घ्या आणि तरुण राहा, असा त्याचा सूर. मला हे पुस्तक चीड आणणारं वाटतं. बाईचा त्रास कमी करण्यापेक्षा ती नवऱ्याला कशी दिसेल याचीच काळजी जास्त. 1975 मध्ये दोन अभ्यासांनी दाखवलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला गोळीसोबत दुसरं हार्मोनही देऊ लागले.

आता आपली ओळ. जुलै 2002. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अमेरिकी अभ्यासातला 16,608 बायकांचा भाग मधेच थांबवला गेला. दोन हार्मोन्सची गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर दर 10,000 बायकांमागे वर्षाला 38, न घेणाऱ्यांत 30. पक्षाघात आणि हृदयविकारही थोडे जास्त. त्या बायकांचं सरासरी वय 63. निष्कर्ष खोटा नव्हता. पण तो तोंडाने घ्यायच्या गोळीचा होता. 2003 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तोच चौकटीतला इशारा इस्ट्रोजेनच्या सगळ्या औषधांवर लावला, योनीत लावायच्या कमी मात्रेच्या क्रीमवरही, ज्यातलं फारच थोडं रक्तात जातं. एका मोड्यूलचा बग, आणि वॉर्निंग अख्ख्या प्रोजेक्टवर कॉपी-पेस्ट.

2018 मध्ये त्याच प्रकल्पातल्या 45 हजारांहून जास्त बायकांची माहिती तपासली, तेव्हा योनीत इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत कॅन्सर किंवा हृदयविकार जास्त दिसला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये एफडीएने तो इशारा काढायचं जाहीर केलं. बावीस वर्षं!

मावशीला मी एवढंच लिहिलं: हा कागद गोळीची भीती क्रीमला लावतोय, उद्या डॉक्टरबाईंना हेच विचार. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय त्यांनी तर विचारल्याशिवाय लावूच नये, आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर आधी तपासणी. हार्मोन नकोच असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं मॉइश्चरायझर, संबंधाच्या वेळी पाण्याचं ल्युब्रिकंट. साबण आणि सुगंधी वॉश बंद. खोबरेल लावत असाल तर लक्षात ठेवा, तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो. हे शेवटचं तुमच्यासाठी, मावशीला नाही लिहिलं.

डॉक्टरबाईंनी तिला वीस मिनिटं दिली. दीड महिन्याने मावशीचा मेसेज आला: "बरंय आता. पॉडकास्टमध्ये सांगणार असशील तर सांग, पण माझं नाव घेऊ नकोस." नाही घेतलं, मावशी.